भात कालवायचा तर माऊस सोडावा लागतो

मे महिना, दुपारचे पावणेचार, आणि मी डबा उघडला तर आमटी विटलेली. झाकण काढल्या काढल्याच कळलं, तो आंबूस वास आणि वर बारीक फेस. ओल्या नारळाच्या वाटपाचं हे असंच असतं, कोकणातल्या मे महिन्यात सकाळी सहाला केलेली आमटी एक-दीडपर्यंत छान राहते, त्यानंतर तिचा भरवसा नाही. सासूबाईंनी पहाटे उठून नारळ खवून, वाटप करून, कैरीची फोड घालून केलेली ती आमटी मी ऑफिसच्या मागच्या मोरीत ओतली, कोरडा भात दोन घास खाल्ला आणि परत खुर्चीवर जाऊन बसले. घरी गेल्यावर त्यांनी विचारलं आमटी कशी झालेली, मी म्हटलं मस्त. ते खोटं मला अजून टोचतं, म्हणून आधी तेच लिहून टाकलं.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. मी आंब्याच्या फॅक्टरीत अकाउंटला असते, देवगडकडचा भाग. तेव्हा दुसऱ्या फॅक्टरीत होते, नाव नको, काम तेच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, एप्रिलच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत कॅनिंगचा सीझन असतो, पेटीत जो आंबा बसत नाही, म्हणजे डागी, बारका, जरा पिकायला पुढे गेलेला, तो क्रेटमधून आमच्याकडे येतो आणि त्याचा पल्प होतो, ३.१ किलोचे डबे, एका खोक्यात सहा. आत लाइनवर बायका, बाहेर काट्यावर पिकअपची रांग, आणि दोघांच्या मधे आमची खिडकी. काटापावती, आजचा दर, बागायतदाराचं बिल, गेटपास, बाहेर जाणाऱ्या गाडीचे कागद, सगळं तिथूनच. आंबा कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे सीझनला आमच्या ऑफिसात जेवायला कुणी उठायचं नाही. उठायचं नाही म्हणजे तसा कुणी नियम केलेला नव्हता हं. पण जो उठायचा नाही त्याचं साहेब चार लोकांत कौतुक करायचे, आणि एकदा का असं कौतुक सुरू झालं की मग बाकीचे आपोआप बसून राहतात.

आणि जेवण तरी कसलं. हे मला खूप उशिरा लक्षात आलं की टेबलावर काम करत जेवायचं ठरवलं की डब्यातून पहिला भात जातो. आपण भात हाताने कालवून खाणारी माणसं, भातावर आमटी घेतली, बांगड्याची तुकडी मोडली, सोलकढी ओतली की उजवा हात गेलाच, त्या हाताने माऊस धरता येत नाही की नोटा मोजता येत नाहीत. म्हणून मग हळूहळू मी घरी सांगायला लागले की भात नको, पोळीचा रोल दे, मग रोल पण नको बिस्किटं आहेत, मग गेटवरून कुणीतरी वडापाव आणतोच आहे. दोन सीझनमध्ये माझ्या डब्यातून भात, कुळथाची पिठी, काळ्या वाटाण्याचं सांबार, ओल्या काजूची उसळ सगळं गेलं. मासे तर गेलेच. ज्या भाताच्या वासावर मी वाढले तो मी फक्त रात्री साडेनऊला खायचे, तो पण पेंगत पेंगत.

पित्त सुरू झालं. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज चारच्या सुमाराला डोकं, डोळ्यांच्या मागे ठणका, उलटी झाली की बरं वाटायचं. आमसुलाचं पाणी घे, कोकम सरबत घे, गोळी घे. सगळे मला औषध सांगत होते आणि मी घेत पण होते, फक्त वेळेवर जेव एवढंच कुणी सांगत नव्हतं, किंवा सांगत असतील तर मी ऐकत नव्हते.

मग ते ई-वे बिल झालं, म्हणजे गाडीतून माल नेताना सोबत लागतो तो जीएसटीचा ऑनलाइन कागद. जूनच्या पहिल्या आठवड्यात मुंबईला माल जायचा होता, ८५० खोकी. मी चारच्या सुमाराला बिल केलं, इनव्हॉइसवर ८५० बरोबर आणि ई-वे बिलावर ५८०. दोन्ही आकडे माझ्याच हाताने टाकलेले, दोन्ही मी तपासलेले. ज्यांचा याच्याशी संबंध येतो त्यांना माहीत आहे, ते बिल एकदा जनरेट झालं की त्यातला मालाचा आकडा दुरुस्त करता येत नाही, २४ तासांच्या आत रद्द करून नवीन काढावं लागतं, आणि वाटेत अधिकाऱ्यांनी तपासलेलं असेल तर रद्दही होत नाही. गाडी रात्री पनवेलच्या अलीकडे तपासणीला थांबवली. कागदात एक, गाडीत दुसरं. ड्रायव्हर कणकवलीकडचा, वयाने माझ्या वडिलांएवढा, रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिथेच रस्त्याकडेला बसून, वर पावसाची पहिली सर. दंड कंपनीने भरला, तो विषय वेगळा. मला राहून राहून तो ड्रायव्हर आठवत होता, कारण त्याने फोनवर मला एकच विचारलं, "मॅडम, तुमी चुकणारी माणसा नाय, बरा नव्हता काय तुमका?" आणि मी खरंच आठवून बघितलं की त्या दिवशी मी दुपारी काय खाल्लं होतं, तर सकाळी आठला चहा आणि दोन खारी, त्यानंतर काहीच नाही.

त्या सीझननंतर मी ती नोकरी सोडली. आता जिथे आहे तिथे पहिल्याच आठवड्यात एक वाजता भोंगा झाला, मी सवयीने बसून राहिले. लाइनवरच्या बायका हात धुऊन, डोक्याच्या टोप्या काढून फणसाच्या झाडाखालच्या शेडकडे चाललेल्या. त्यातल्या एक मावशी, तेव्हा साठीच्या असतील, सोलायच्या कामाला, खिडकीशी थांबल्या.

"गो बाय, जेवलंस?"

"नाही मावशी, थोडं काम उरलंय."

"काम खंय पळान जाता? ऊठ, हात धू. बैलांचा सुदा जोत सोडतत दुपारचा."

बस, एवढंच. मला काही ज्ञानबिन झालं नाही, मला फक्त लाज वाटली की माझ्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी मोठी बाई सकाळपासून उभी राहून काम करतेय, तिच्या बोटांना आंब्याच्या चिकाने चिरा पडल्यात, आणि तिला माझ्या जेवणाची काळजी आहे. उठले. त्यांच्यात जाऊन बसले. जमिनीवर मांडी घालून, वर्तमानपत्र अंथरून. मावशींच्या डब्यात उकड्या तांदळाचा भात, सुक्या जवळ्याची चटणी आणि कैरीची फोड. त्यांनी न विचारता अर्धी चटणी माझ्या झाकणात काढली.

जोत सोडायचं त्या म्हणाल्या ते मी लहानपणी बघितलेलं होतं, विसरले होते एवढंच. पावसात नांगरणी चालू असायची तेव्हा आजी मळ्यात पेज घेऊन जायची, तांब्यात पेज, केळीच्या पानात सुकी मासळी नाहीतर खारातली कैरी, आणि दुपार झाली की बैलांचं जोत सोडायचं म्हणजे सोडायचं, मग ढग कितीही भरून आलेले असोत. त्यात आळस नव्हता. न सोडलेला बैल तिसऱ्या प्रहरी बसतो आणि मग उरलेला दिवस पण जातो, हे सगळ्यांना माहीत होतं. आपले मालवण, सावंतवाडी, देवगडचे बाजार बघा, दुपारी दीड-दोन ते चार निम्मी दुकानं बंद. टुरिस्ट लोक वैतागतात, गुगलला एक स्टार देतात. पण त्या दुकानदाराने सकाळी आठला फळी उघडलेली असते आणि रात्री नऊपर्यंत तो बसणार असतो, मधे घरी जाऊन जेवतो, डाव्या कुशीवर अर्धा तास पडतो, चारला चहा पिऊन परत येतो. मला त्यात काहीच मागासलेलं वाटत नाही. उलट आपण ते सोडून दिलं ह्याचंच वाईट वाटतं.

माझे आजोबा गिरणीत होते. परळला, साचे खात्यात, म्हणजे विणकामाच्या मागांवर. आमच्या भागातली प्रत्येक घरातली एक-दोन माणसं तेव्हा गिरणीत, तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा पण नव्हता, तो १९८१ ला झाला, सगळा मिळून रत्नागिरी, आणि मुंबईच्या गिरण्यांमधले कामगार मोठ्या संख्येने याच रत्नागिरी जिल्ह्यातले. आजोबा एका मालवणी बाईच्या खानावळीत जेवायचे. ते सांगायचे, "भोंगो झालो काय आधी अंगावरचो कापूस झाडूचो, मगे हात धुवचे, मगे डबो." डबा उघडायच्या आधी तो कापूस झाडणं ते हाताने करून दाखवायचे, खांद्यावरून, दंडावरून, भुवयांवरून पण. गिरणी सोडून त्यांना पंधरा वर्षं झाली होती तरी जेवायला बसताना कधी कधी त्यांचा हात खांद्यावर जायचा, काही नसायचं तिथे.

मोठी झाल्यावर मी वाचलं की जेवायच्या सुट्टीचा तो अर्धा तास काही मालकांनी प्रेमाने दिलेला नव्हता. १८८४ साली कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. मागण्या काय होत्या बघा, आठवड्यातून एक दिवस रविवारी सुट्टी, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत, पगार वेळेवर म्हणजे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, कामावर जखमी झाला तर भरपाई, आणि दुपारी अर्धा तास विश्रांती. दुपारी अर्धा तास! हे मागावं लागलं होतं. रविवारची सुट्टी १० जून १८९० ला मिळाली हे आपल्याला थोडंफार माहीत असतं, व्हॉट्सॲपवर दरवर्षी फिरतं, पण त्या अर्ध्या तासाचं कुणी सांगत नाही. १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात तो आला, दुपारी बारा ते दोनच्या मधे अर्धा तास काम बंद. ज्या साडेपाच हजार लोकांनी सह्या केल्या, अंगठे उठवले, त्यात किती जण आपल्याच वाड्यांतले, आपल्याच खाडीकाठचे असतील. आणि आपण तो अर्धा तास एका एक्सेल शीटसाठी सोडून देतो.

पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ५५ ला लिहिलं गेलं की सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, त्याआधी किमान अर्धा तास विश्रांती द्यायचीच, आणि त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमांत १५० च्या वर कामगार असतील तर जेवायला वेगळी खोली, २५० च्या वर असतील तर कॅन्टीन असंही होतं. आपल्या राज्याचा दुकाने आणि आस्थापनांचा कायदा २०१७ ला नवीन आला त्यातही पाच तासांना अर्धा तास असंच होतं. म्हणजे लाइनवरच्या मावशींसाठी भोंगा होतो तो कायद्यामुळे होतो. आणि गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखं आहे, की त्याच फॅक्टरीत पंख्याखाली बसलेले आम्ही शिकलेले लोक, ज्यांना ते कलम वाचता येतं, आम्हीच तो भोंगा ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

बायकांबद्दल एक वेगळं लिहायचं आहे मला. घरी आपण कधी बसून जेवतो? सकाळी डबे भरताना उभ्याने चहा, रात्री सगळ्यांना वाढून झाल्यावर ओट्याशी, जे उरलं असेल ते, आणि त्यात पण मधेच कुणाला तरी पाणी, कुणाला तरी लोणचं. मी मावशींना विचारलं होतं की तुम्ही घाई का करत नाही, बाकीच्या पटापट जेवून पाय लांब करतात, तुम्ही पूर्ण अर्धा तास घेता. तर म्हणाल्या, "घराक माका कोण बसान जेवक देता? हयच काय ता." दिवसातलं एकच जेवण जे कुणी मधे उठवणार नाही. ते जर मीच माझ्या हाताने टेबलावर उरकून टाकलं तर मग माझ्याकडे काय उरलं? हे ऐकल्यापासून मी आमच्या ऑफिसातल्या मुलींना अक्षरशः हाताला धरून उठवते. नवीन मुली तर घाबरतातच, प्रोबेशनवर असतात, त्यांना वाटतं उठलो तर कामचुकार म्हणतील.

शरीराचं म्हणाल तर मी डॉक्टर नाही, पण मला ज्यांनी पित्तासाठी तपासलं त्या डॉक्टर बाईंनी चार गोष्टी नीट समजावल्या आणि त्या मला पटल्या. पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत पोचायला वीसएक मिनिटं लागतात, तुम्ही सात मिनिटांत डबा संपवता तेव्हा एकतर जास्त खाता नाहीतर पोट भरलं तरी काहीतरी चघळत राहता. दुपारी दोन ते चारच्या मधे जी पेंग येते ती फक्त भाताने येत नाही, शरीराच्या घड्याळातच त्या वेळेला उतार असतो, न जेवणाऱ्यालाही येतो, म्हणजे भात सोडून काही उपयोग नव्हता हे मला दोन वर्षांनी कळलं. स्क्रीनकडे बघताना पापण्या मिटायचं प्रमाण बरंच कमी होतं, डोळे कोरडे पडतात, माझा तो डोळ्यांच्या मागचा ठणका निम्मा त्याचा होता. आणि जेवल्यावर दहा मिनिटं चाललं तर साखर एकदम चढत नाही. आमची आजी याला शतपावली म्हणायची आणि करायची.

तर आता मी जेवून झालं की कंपाउंडच्या भिंतीपर्यंत जाऊन येते. तिथून खाली समुद्र दिसतो, दुपारचं खारं वारं सुटलेलं असतं, लांब एखादी होडी. डोळे एवढ्या लांबवर नेले ना की आत काहीतरी सैल होतं, मला ते नीट सांगता येत नाही. फोन मी डब्याच्या पिशवीत ठेवून जाते. सुरुवातीला फोन घेऊन चालायचे, तेव्हा मी समुद्र बघतच नव्हते, मेसेजच बघत होते.

आणखी एक गोष्ट जी मला कुणी सांगितली असती तरी मी मानली नसती. त्या शेडमधे जेवायला बसल्यामुळे आमच्या फॅक्टरीची एक मोठी कटकट सुटली. दोन वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटी बागायतदार तक्रार करायला लागले की तुमचा काटा मारतो, घरी वजन करून आणलेला आंबा तुमच्याकडे कमी भरतो. एक-दोघं नाही, रोज तीन-चार जण. काटा तपासून घेतला, बरोबर. आम्हाला वाटलं वाटेत उन्हाने वजन घटत असेल. रोज खिडकीत भांडणं, माणसं तावातावाने बोलायची, आणि ती काही परकी नव्हती, कुणी माझ्या माहेरच्या गावातलं, कुणी मुलाच्या शाळेतल्या मित्राचे वडील. एका दुपारी जेवताना गाडी उतरवणारा मुलगा मावशींशी बोलत होता, की यंदा बरं आहे, नवीन क्रेट हलके आहेत, खांद्याला कमी लागतं. मी घास हातात धरून थांबले. आम्ही रिकाम्या क्रेटचं वजन म्हणून जुन्याच क्रेटचं वजन वजा करत होतो! म्हणजे प्रत्येक क्रेटमागे थोडा थोडा आंबा बागायतदाराच्या बिलातून जात होता, आणि काटा बिचारा बरोबर होता. हात धुऊन त्याच दिवशी दहा नवीन क्रेट काट्यावर चढवले, फरक निघाला, आधीची सगळी बिलं काढून पैसे परत दिले. हे मला ईमेलने कळलं नसतं. त्या मुलाला कुणी मीटिंगला बोलावलं नसतं आणि तो स्वतःहून खिडकीत येऊन सांगणार नव्हता, त्याला ते सांगण्यासारखं आहे हेच माहीत नव्हतं.

आता लोक म्हणतात तुला जमतं, आम्हाला नाही जमत. मी मान्य करते. सरकारी दवाखान्यातली नर्स, जिच्या वॉर्डात ती एकटीच आहे, ती काय भोंगा ऐकून उठणार? एसटीचा कंडक्टर, पेट्रोल पंपावरची मुलं, बँकेची एकच खिडकी असलेली छोटी शाखा. त्यांना वेळ काढ म्हणणं हा त्यांच्यावरच अन्याय आहे, तिथे जास्तीचं माणूस द्यायला हवं, आणि ते वरच्यांनी द्यायला हवं. पण आमच्यासारखी जी ऑफिसं आहेत, जिथे चार-पाच जण बसतात आणि सगळेच्या सगळे न जेवता बसतात, तिथे मला खरंच वाटतं की थोडंसं ठरवलं तर होतं.

आम्ही काय केलं सांगते. खिडकी बंद ठेवायला साहेब तयार नव्हते आणि त्यांचंही चूक नव्हतं, उन्हात आंबा घेऊन माणूस उभा असतो. म्हणून दोघी एक ते दीड, दोघे दीड ते दोन. जी वेळ ठरली ती ठरली, त्यात फोन आला तर दुसरा घेईल. टेबलावर जेवायचं नाही, हे आम्ही आपलं आपणच ठरवलं, कारण टेबलावर बसलेलं माणूस जेवतंय असं कुणालाच वाटत नाही, येणारा कागद पुढे करतोच. चारनंतर बाहेर जाणाऱ्या मालाचं बिल एकाने करायचं आणि दुसऱ्याने मोठ्याने वाचायचं. पहिले पंधरा दिवस दोघांची खिडकी म्हणजे तारांबळ झाली, मला पण वाटलं सोडून द्यावं. मग सवय झाली. रद्द केलेल्या बिलांची एक फाइल असते आमच्याकडे, वर्षाच्या शेवटी ऑडिटला लागते, आधी ती सुतळीने बांधायला लागायची, गेल्या वर्षी साध्या क्लिपमधे राहिली. पूर्ण श्रेय जेवणाला देत नाही मी, पण दुपारी चारनंतरच्या चुका कमी झाल्या हे मी रोज बघते.

मला सगळ्यात भीती बागायतदारांची होती, की चिडतील, आम्ही ताटकळतोय आणि ह्या जेवायला गेल्या. खिडकीवर पाटी लावली, एक ते दोन गर्दीच्या वेळी थोडा उशीर होईल. पहिल्याच दिवशी एक काका, विजयदुर्गाच्या बाजूचे, पाटी वाचून माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं काका, दहा मिनिटं थांबाल का, जेवून येते, नाहीतर दुसऱ्या ताईंकडे देते पावती. तर म्हणाले, "जा जा. माका पण भूक लागलीहा." आणि पिकअपच्या सीटमागून त्यांनी स्वतःचा डबा काढला. पहाटे चारला बागेत चढलेला माणूस, दुपारी एकपर्यंत त्याच्या पोटात पण काही नव्हतं आणि इतकी वर्षं आम्ही दोघं खिडकीच्या दोन बाजूंना उपाशी उभे राहून एकमेकांवर चिडत होतो.

आता ते काका आले की एकच्या हिशोबानेच येतात. शेडमधे मावशींच्या बाजूला बसतात, मावशी गेल्या वर्षीपासून फक्त सीझनपुरत्या येतात, गुडघे दुखतात त्यांचे. परवा शुक्रवार होता, माझ्या डब्यात बांगड्याचं तिखलं होतं, सासूबाईंनी तिरफळं जरा जास्तच टाकलेली, काकांना एक तुकडी दिली, त्यांनी मला आंबाड्याचं लोणचं दिलं. ते दीडला उठले, नळावर डबा विसळला, आणि मी हात धुऊन खिडकीत पोचेपर्यंत काट्याची चिठ्ठी घेऊन समोर हजर. बोटांना अजून तिरफळाचा वास येत होता. पावती केली, ६२ क्रेट, नवीन वजनाने.